सोडला एक, आले दोन

पूर्णा जंक्शन सोडून गाडी नांदेडकडे निघाली की वाटेत चुडावा लागते. परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यातले हे गाव. या पट्ट्यात लग्नाला पाच-सात वर्षे होऊन पाळणा हलला नाही, तर आधी नवस, मग तालुक्याचा दवाखाना आणि शेवटी नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरचे आयव्हीएफ केंद्र, हा क्रम आता नवा राहिलेला नाही. केंद्रात स्त्रीबीज आणि शुक्राणू यांचा संयोग शरीराबाहेर घडवतात, तयार झालेला भ्रूण पाचेक दिवस वाढवतात आणि गर्भाशयात सोडतात. पूर्वी दोन-तीन सोडत, निदान एक तरी रुजावा म्हणून. आता जाणते डॉक्टर शक्यतो एकच सोडतात, कारण जुळी-तिळी गरोदरपणे आईला आणि बाळांना दोघांनाही महागात पडतात. तरीही काही वेळा सहा-सात आठवड्यांनी सोनोग्राफीत दोन ठोके दिसतात. घरच्यांचा पहिला प्रश्न हिशेबाचा असतो: एकच सोडला होता, दुसरे आले कुठून? त्या हिशेबाच्या आड आणखी एक प्रश्न आहे आणि तो धर्माचा आहे. सोडलेल्या त्या एका भ्रूणात जीव किती होते?

हिशेबाच्या प्रश्नाला वैद्यकाचे उत्तर आहे. भ्रूण रुजण्याच्या आगेमागे कधीतरी दुभंगला आणि दोन्ही भाग स्वतंत्रपणे वाढू लागले. निसर्गात हे हजार बाळंतपणांमागे तीन-चार वेळा घडते, आणि जगात कुठेही गेलात तरी हे प्रमाण फारसे हलत नाही. दोन बीजांची, वेगवेगळ्या चेहऱ्यांची जुळी मात्र देशोदेशी कमीजास्त असतात. नायजेरियातल्या योरुबा लोकांत खूप, जपानात थोडी. उपचारानंतर एकबीज जुळ्यांचे प्रमाण वाढते. जपानमध्ये २००७ ते २०१४ या काळातल्या, एकच भ्रूण सोडलेल्या नऊ लाखांहून अधिक उपचारचक्रांच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा गर्भधारणांपैकी १.३६ टक्क्यांत भ्रूण खरोखर दुभंगलेला आढळला. काही जुळी वेगळ्या वाटेनेही येतात: उपचार चालू असतानाच नैसर्गिक गर्भही राहतो. जपानी आकडा ती वजा करून काढलेला आहे. भ्रूण पाच दिवसांपर्यंत बाहेर वाढवणे, गोठवून वितळवणे, त्याच्या कवचाला छेद देणे यांच्याशी या वाढीचा संबंध दिसतो. पण अमुक एक भ्रूण का दुभंगला, हे अजून कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. दुभंग पहिल्या तीन दिवसांत झाला तर दोघांना वेगळी वार मिळते. चौथ्या ते आठव्या दिवसाच्या दरम्यान झाला तर वार एक, पिशव्या दोन. त्याहून उशिरा झाला तर पिशवीही एकच. आणि तेराव्या दिवसानंतर झाला तर तो बहुधा अर्धवट राहतो व शरीरे जोडलेली राहतात.

आता धर्माचा प्रश्न. बीज फळले त्याच क्षणी एक नवा, एकमेव, पुरता माणूस जन्माला आला, असे मानणारे मत जगात प्रबळ आहे. कॅथलिक चर्चने १९८७ साली या विषयावर काढलेल्या निवेदनात भ्रूणाला पहिल्या क्षणापासून व्यक्तीचा मान द्यावा असे सांगितले आणि प्रयोगशाळेतील गर्भधारणा अमान्य केली. आपल्याकडे असे कोणी अधिकृतपणे सांगत नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून ६ ऑगस्ट १९८६ रोजी टेस्ट ट्यूब बेबी जन्मली, तेव्हा कोणत्या पीठाने तिच्याविरुद्ध आज्ञापत्र काढल्याचे ऐकिवात नाही. पण अधिकृत नसले तरी तेच मत आपल्याकडे मागच्या दाराने आले आहे. न वापरलेले भ्रूण टाकून दिले म्हणजे भ्रूणहत्या झाली, उपचारात न रुजलेला भ्रूण म्हणजे गेलेले लेकरू, अशी भाषा सर्रास ऐकू येते आणि तिचा सगळा भार बाईच्या माथी पडतो. धर्मशास्त्रात भ्रूणहत्या महापातकांच्या पंक्तीला बसते, त्यामुळे हा शब्द हलका नाही. माझे म्हणणे असे की एकबीज जुळ्यांचे अस्तित्वच या मताला खोटे पाडते, आणि उपचारानंतरची जुळी ते अधिक स्पष्टपणे पाडतात. नैसर्गिक गर्भात सुरुवातीला एकच होता हे आपण मागाहून अनुमानाने ठरवतो. इथे तो एक सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेला, मोजलेला, वहीत ‘एक’ म्हणून नोंदलेला असतो.

समजा त्या पाच दिवसांच्या भ्रूणात एक जीव होता आणि त्यातून पुढे दोन मुली झाल्या. दुभंगानंतर त्याचे काय झाले? तो दोघांतही गेला म्हणावे, तर दोघे मिळून एकच व्यक्ती ठरते. मग एकीने केलेल्या कर्माचे फळ दुसरीच्या पदरात पडायला हरकत नसावी. तो संपला आणि दोन नवे आले म्हणावे, तर एक मृत्यू झाला. पण ना कुठे प्रेत, ना कुठे सुतक, आणि ज्या घटनेत काहीच नष्ट झाले नाही, उलट एकाचे दोन झाले, तिला मृत्यू म्हणण्याची पाळी येते. उरतो तिसरा पर्याय: तो एकातच राहिला आणि दुसऱ्यात नवा आला. हा पर्याय तर्काने अशक्य नाही. पण त्याची किंमत पाहा. त्या दोन बहिणींपैकी एकीचा आरंभ बीज फळले तेव्हा झाला, दुसरीचा त्यानंतर काही दिवसांनी. म्हणजे बीज फळण्याच्या क्षणी जिचा आरंभ झाला नाही अशी एक मुलगी आहे, आणि ती पुरती माणूस आहे. मग ‘प्रत्येक माणसाचा आरंभ बीज फळतानाच होतो’ हे विधान तिच्यापुरते तरी चुकले. ‘प्रत्येक’ म्हणणाऱ्या विधानाला एक अपवाद पुरतो. आणि कोणतीच आधीची व कोणतीच नंतरची नाही हे दोघींकडे पाहताच कळते.

आपल्या परंपरेतून पाहिले तर ही अडचण आणखी टोकदार होते. कर्मसिद्धान्ताला दोन गोष्टी मुळीच चालत नाहीत: केलेले कर्म फळाविना वाया जाणे आणि न केलेल्या कर्माचे फळ भोगावे लागणे. दर्शनकारांनी त्यांना कृतनाश आणि अकृताभ्यागम म्हटले. एका जीवाचे संचित घेऊन आलेला भ्रूण दुभंगला तर ते संचित कसे वाटायचे? अर्धे-अर्धे वाटले तर प्रत्येकीच्या वाट्याचे अर्धे बुडाले. पुरतेच्या पुरते दोघींना दिले तर एकाच कर्जाची वसुली दोनदा झाली. गीतेने तर आत्म्याला अच्छेद्य म्हणून हा दरवाजाच बंद करून टाकला आहे. जो कापला जात नाही, तो दुभंगणारही नाही. थोडक्यात, ज्याला जन्मोजन्मीचा एकच खातेदार म्हणायचे तो जीव, आणि जे अजून दोन व्हायला मोकळे आहे ते बीज, या दोन गोष्टी एक असू शकत नाहीत.

यावर सगळ्यांत जोरकस आक्षेप आपल्याच ग्रंथांतून येतो, म्हणून त्याला मी जास्त जागा देतो. सुश्रुताने म्हटले आहे की गर्भाशयात वायूने बीजाचे दोन भाग केले की दोन जीव कुशीत येतात आणि जुळी होतात. गर्भोपनिषदातही वायूच्या पीडनाने शुक्र दुभागले जाते व त्यातून जोडी जन्मते असे सांगितले आहे. चरकसंहितेत तर अग्निवेशाच्या प्रश्नाला आत्रेय उत्तर देताना पुढे जाऊन सांगतो की विभागणी सारखी झाली नाही तर जुळ्यांतला एक मोठा आणि दुसरा लहान राहतो. मग आक्षेपक म्हणेल: दोन जीव येणार होते म्हणून बीज दुभंगले, प्रयोगशाळेच्या वहीत ‘एक’ लिहिले, ईश्वराच्या वहीत पहिल्यापासून दोन होते. या उत्तराला मी तोंडदेखला मान देत नाही, ते खरोखर विचार करण्यासारखे आहे. पण त्याने काय कबूल केले ते पाहिले पाहिजे. एका फळलेल्या बीजात जीव एक आहे की दोन, हे बीजाकडे पाहून कळत नाही, हे त्याने मान्य केले. म्हणजे जीवाची संख्या बीजावरून ठरत नाही. ‘एक बीज, एक जीव’ हे समीकरण मोडण्यासाठी मला एवढेच हवे होते. शिवाय या ग्रंथकारांनी बीज आणि जीव पहिल्यापासून वेगळेच धरले आहेत. चरकाच्या मते शुक्र, शोणित आणि जीव एकत्र आले की गर्भ होतो. जीव हा तिसरा, बाहेरून येणारा. गर्भोपनिषद तर एका रात्रीचा कलल, सात रात्रींचा बुडबुडा, पंधरवड्याचा पिंड असे टप्पे देऊन जीवाची जोडणी सातव्या महिन्यात सांगते. फळलेले बीज म्हणजेच माणूस, हे मत परंपरेच्या नावावर खपवणाऱ्यांनी ही पाने उघडून पाहावीत.

उलट दिशेनेही हेच दिसते. क्वचित दोन बीजांचे दोन भ्रूण गर्भाशयात अगदी सुरुवातीला एकमेकांत मिसळतात आणि एकच मूल जन्मते. त्याच्या शरीरात दोन वेगळ्या जनुकीय वंशांच्या पेशी असतात. अशा व्यक्ती वैद्यकीय तपासणीत सापडल्या आहेत आणि त्या सर्वसामान्य आयुष्य जगत होत्या. प्रत्येक फळलेल्या बीजाला एक जीव म्हणायचे, तर यांच्यात दोन जीव नांदतात की एकाने दुसऱ्याला हुसकावले? महाभारतात दोन्ही नमुने आहेत. दोन राण्यांच्या पोटी दोन अर्धी शकले जन्मली, जरा नावाच्या राक्षसीने ती जोडली आणि जरासंध झाला. गांधारीच्या पोटातून मांसाचा एक गोळा पडला. व्यासांनी त्यावर गार पाणी शिंपडवले, त्याचे अंगठ्याएवढे तुकडे झाले, ते तुपाच्या कुंभांत ठेवले आणि शंभर मुलगे व एक मुलगी जन्मली. २०१९ च्या जानेवारीत जालंधरला भरलेल्या विज्ञान काँग्रेसमध्ये एका कुलगुरूंनी या कथेवरून कौरव टेस्ट ट्यूब बेबी असल्याचे सांगून देशभर हसे करून घेतले. कथेला तंत्रज्ञानाचा दाखला करण्यात कथेचाच अपमान आहे. तिच्यात विचारांचे जे धन आहे ते निराळे: शंभर हा आकडा गोळ्यात नव्हता. तो व्यासांच्या वरात होता, आणि एकशे एकावी दुःशला आली ती गांधारीच्या मनात मुलीची इच्छा उमटली म्हणून.

दुसरा आक्षेप तत्त्वज्ञ घेतात. दुभंगू शकते म्हणून आज ते एक नाही असे कुठे ठरते? पूर्णेच्या काठचा शेतकरी उसाचे बेणे तोडून लावतो, एका उसाची चार बेटे होतात. म्हणून तोडण्याआधी तो एक ऊस नव्हता असे कोणी म्हणत नाही. बरोबर आहे. भ्रूणही दुभंगण्याआधी एक भ्रूणच होता. पण ऊस ‘एक’ असणे आणि एखादी मुलगी ‘एक’ असणे यांत अंतर आहे. उसाचे एकपण तुटण्याने बिघडत नाही, कारण त्या एकपणावर काहीच अवलंबून नाही. कोणते बेट मूळ उसाचे, असे कोणी विचारत नाही. माणसाच्या एकपणावर मात्र सगळे अवलंबून आहे: आठवण, जबाबदारी, पाप-पुण्य, मोक्षसुद्धा. पहिल्या आठवड्यातल्या भ्रूणाचे एकपण उसासारखे आहे. तो जिवंत आहे, मानवी आहे, पण अजून कोणी ‘अमुक’ नाही. नॉर्मन फोर्ड या कॅथलिक धर्मगुरूनेच १९८८ साली पुस्तक लिहून, जुळी होण्याची शक्यता मावळेपर्यंत, म्हणजे साधारण चौदाव्या दिवसाच्या सुमारापर्यंत, मानवी व्यक्ती सुरू झाली असे म्हणता येत नाही असा युक्तिवाद केला होता. चर्चने तो मानला नाही, पण खोडलाही समाधानकारक नाही असे माझे मत आहे.

पूर्णा तालुक्यासारख्या भागात या एका प्रश्नाची किती उत्तरे शेजारी-शेजारी नांदतात याकडे फारसे लक्ष जात नाही. मुसलमानांत प्रचलित असलेल्या परंपरेनुसार गर्भात रूह फुंकली जाते ती १२० दिवसांनी. त्यामुळे पहिल्या आठवड्यातल्या दुभंगाने त्यांच्यापुढे काहीच पेच उभा राहत नाही. बौद्धांना कापता न येणारा आत्मा मान्यच नाही. एका दिव्यावरून दोन दिवे लागतात, त्यात मूळ ज्योत कोणाकडे गेली हे विचारण्यात त्यांना अर्थ वाटणार नाही. मात्र कर्माचा प्रवाह दोन कसा झाला हे त्यांनाही सांगावे लागेल. जैन तर कांदा-बटाटा वर्ज्य करतात तोच एका शरीरात अनंत जीव असतात म्हणून. एका भ्रूणात दोन जीव होते असे म्हणणे सर्वांत सोपे त्यांना जाईल, म्हणजे त्यांच्याकडेही एका शरीराला एक जीव हा नियम नव्हे. अद्वैती म्हणेल की मुळात जीव अनेक नाहीतच. त्याला मी एवढेच म्हणेन की वारीत हे उत्तर खरे असले तरी सोनोग्राफीच्या खोलीत ते उपयोगाचे नाही, तिथे दोन ठोके आहेत आणि दोघांचे वजन वेगवेगळे नोंदवायचे आहे. इतक्या परस्परविरोधी मतांतून एक गोष्ट समान निघते: फळलेले एक बीज म्हणजे एक व्यक्ती, असे यांपैकी कोणीच म्हणत नाही.

मग पहिल्या पंधरवड्यात काहीही करायला मोकळीक आहे का? हा आक्षेप भीतीपोटी येतो, पण भीती अनाठायी नाही. मी जे दाखवले ते फक्त नकारात्मक आहे: दुभंगण्याची शक्यता आहे तोवर तिथे अमुक व्यक्ती आहे असे म्हणता येत नाही. ती शक्यता संपली त्या दिवशी जीव येतोच, असे यातून निघत नाही, आणि चौदा दिवसांची रेषा गर्भोपनिषदातल्या पंधरवड्याशी जुळली म्हणून टाळ्या वाजवण्याचेही कारण नाही. ब्रिटनमध्ये वॉरनॉक समितीने १९८४ साली संशोधनासाठी हीच मर्यादा सुचवली ती भ्रूणावर कण्याची पहिली रेघ त्या सुमारास उमटते म्हणून. आपल्याकडे २०२१ च्या सहायक प्रजनन कायद्याने भ्रूण दहा वर्षांपर्यंत जपण्याची मुभा दिली आहे. त्यानंतर ते नष्ट होऊ द्यावेत किंवा जोडप्याच्या संमतीने संशोधनाला द्यावेत. या तरतुदीत मला अधर्म दिसत नाही. पण जे अजून कोणी नाही त्याच्याशी बेफिकिरीने वागता येते असेही नाही. पेरणीसाठी राखलेले बियाणे पीक नसते, तरी त्याची नासाडी शेतकऱ्याच्या घरात खपत नाही. कर्तव्य येते ते भ्रूणात कोणी दडले आहे म्हणून नव्हे, तर त्याला आपण हेतूने घडवले आणि त्यातून कोणी येऊ शकते म्हणून.

आणि दुभंग होऊन गेल्यावर तर हे कर्तव्य दुप्पट होते. एकच वार असलेल्या जुळ्यांत दोघांच्या रक्तवाहिन्या वारेत एकमेकींना जोडलेल्या असतात. साधारण दहा ते पंधरा टक्के अशा गर्भांत एकाचे रक्त दुसऱ्याकडे वाहू लागते. एक सुकत जाते, दुसऱ्याच्या हृदयावर ताण येतो आणि उपचार न झाल्यास बहुधा दोन्ही जातात. चरकाने पाहिलेल्या लहान-मोठ्या जुळ्यांमागे काही वेळा हेच असणार. म्हणून सोळाव्या आठवड्यापासून दर पंधरवड्याला सोनोग्राफी हवी. गर्भातच लेसरने त्या वाहिन्या बंद करण्याचा उपचार मोठ्या शहरांत होतो, पण वेळेत कळले तरच. इथे ‘दोघांपैकी एक कमी करू’ हा सल्लाही साधा नसतो, कारण एकाला दिलेले औषध सामाईक वारेतून दुसऱ्याला पोचते. एकबीज जुळी जवळजवळ नेहमी एकाच लिंगाची असतात, हेही घरात माहीत असते. दोन्ही मुली आहेत अशी कुजबुज सुरू झाली की हा प्रश्न धर्माचा राहत नाही, तो गर्भलिंगनिदानाच्या फौजदारी गुन्ह्याचा होतो.

अजून एक गोष्ट घरोघरी बोलली जाते, ती मिटवायला हवी. मागून जन्मलेले मूल गर्भात आधी आले म्हणून तेच थोरले, असे कित्येक ठिकाणी मानतात. भागवतात हिरण्यकशिपू आणि हिरण्याक्ष यांच्या नावांची वाटणीही आधी कोणाचा गर्भ राहिला यावर झाली. दोन बीजांच्या जुळ्यांत या प्रश्नाला निदान अर्थ तरी आहे. एका भ्रूणाच्या दोन मुलींत आधी आलेली कोणीच नाही. कोणी मूळ नाही, कोणी नक्कल नाही, आणि डॉक्टरने एकीला ‘बनवले’ असेही नाही. दुभंग डॉक्टरच्या हातून झालेला नसतो, त्याने दिलेल्या परिस्थितीत तो घडतो. दुसरी मुलगी जादाची आली असे म्हणणाऱ्या आजीला हे समजावणे घरातल्या शिकलेल्या माणसाचे काम आहे.

उपचार केंद्रांकडे मात्र एक मागणी करायची आहे. संमतीपत्रावर सही घेण्याआधी जोडप्याला मराठीत, त्यांच्या समोर बसून सांगितले जावे की सोडलेला एक भ्रूण दुभंगू शकतो, तसे शंभरात एखाद-दुसऱ्या गरोदरपणात घडते, तसे घडले तर दर पंधरवड्याला तपासणी लागेल आणि ती कुठे होईल. चुडाव्याहून नांदेडला जाणाऱ्या बाईला गाडीचे वेळापत्रक पाठ असते. तिला हेही आधीच माहीत असायला हवे.